शिष्यवृत्तीचा अर्ज : आधी अधिवास, मग योजना

(पनवेल येथे महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा पाठ)



पनवेल हे मुळापासून वाटेवरचे गाव आहे. घाट उतरून कोकणात येणारा आणि मुंबईहून देशावर जाणारा, असे दोघेही प्रवासी येथे विसावत आले. १८५२ साली या गावी नगरपालिका स्थापन झाली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाल्यानंतर ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आकारास आली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे आणि खारघर या वसाहती वाढल्या, तळोजे येथे कारखाने आले आणि कळंबोलीला लोखंड-पोलाद बाजार वसला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. या साऱ्या घडामोडींबरोबर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली आणि येथलीच झाली.

याचा परिणाम येथील महाविद्यालयांच्या वर्गांत स्पष्ट दिसतो. एकाच बाकावर कातकरी वाडीतला मुलगा, साताऱ्याच्या माण तालुक्यातून आलेल्या माथाडी कामगाराची मुलगी, उत्तर प्रदेशातून आलेल्या वाहनचालकाचा मुलगा आणि कलबुर्गीकडून आलेल्या बांधकाम मजुराची मुलगी बसलेली असते. चौघांची आर्थिक स्थिती जवळजवळ सारखीच असते आणि चौघांचे गुणही उत्तम असू शकतात. तरीही शिष्यवृत्तीसाठी या चौघांनी भरावयाचा अर्ज एकच नसतो. गरिबी किती आणि गुण किती, या दोन प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न उभा राहतो : हा विद्यार्थी कोणत्या राज्याचा आणि कशाच्या आधारे? या प्रश्नाचे उत्तर चुकले, की पात्र विद्यार्थ्याचाही अर्ज नामंजूर होतो आणि त्याचे एक वर्ष वाया जाते.

अधिवास आणि जात : दोन वेगळ्या मोजण्या

बहुसंख्य चुका एका गैरसमजातून होतात. अधिवासाचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे जातीचेही मिळणारच, असे अनेक पालक गृहीत धरतात. वस्तुतः या दोन बाबींची मोजणी वेगवेगळ्या रीतीने होते.

‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास’ या प्रमाणपत्रासाठी सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातील सलग पंधरा वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, वीजदेयके, घरपट्टी किंवा भाडेकरार अशा कागदांवरून ते सिद्ध होते. म्हणजे अधिवास हा चालू पिढीच्या वास्तव्यावर ठरतो.

जातीच्या प्रमाणपत्राची मोजणी मागे जाते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक मानीव दिनांक म्हणून धरले जातात. त्या त्या दिवशी विद्यार्थ्याचे पूर्वज महाराष्ट्रात आणि महाराष्ट्रातील कोणत्या ठिकाणी राहत होते, हे पाहिले जाते. विद्यार्थी पनवेलच्या रुग्णालयात जन्मला, येथेच शिकला आणि येथलाच अधिवासी ठरला, तरी त्याचे आजोबा त्या दिवशी दुसऱ्या राज्यात असतील, तर महाराष्ट्राच्या सवलतींसाठी लागणारे जातीचे प्रमाणपत्र त्यास मिळत नाही.

हे कठोर वाटेल. परंतु त्यामागे घटनेतील तरतूद आहे. अनुच्छेद ३४१ व ३४२ अन्वये अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या त्या त्या राज्याच्या संदर्भात निश्चित होतात, कारण एखाद्या समाजाची सामाजिक स्थिती सर्व प्रांतांत सारखी नसते. बंजारा समाजाचे उदाहरण बोलके आहे. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर आंध्र प्रदेशात व तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. धोबी समाज उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींत आहे. महाराष्ट्रात परीट अर्थात धोबी हे इतर मागासवर्गात येतात.

या प्रश्नावरील सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निवाडा मुंबईच्याच एका प्रकरणात झाला. आंध्र प्रदेशात जन्मलेला, तेथील अनुसूचित जमातीचा एक विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणी मुंबईस आला. येथेच शिकून त्याने शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मागितला. १९९० साली घटनापीठाने निर्णय दिला, की एका राज्यात मिळालेला अनुसूचित जमातीचा दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात सवलतींसह जात नाही. तत्पूर्वी २२ फेब्रुवारी १९८५ च्या पत्रान्वये केंद्र शासनानेही हेच स्पष्ट केले होते. स्थलांतराने मनुष्याची जात नष्ट होत नाही. परंतु सवलती मूळ राज्याकडून मिळावयाच्या असतात. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. ही प्रकरणे प्रवेशाची व प्रमाणपत्रांची असली, तरी शिष्यवृत्तीच्या नियमांनीही तीच दिशा धरली आहे.

एकाच बाकावरचे चौघे

आता त्या चार विद्यार्थ्यांकडे वळू या. ते काल्पनिक असले तरी त्यांच्यासारखे विद्यार्थी पनवेलच्या प्रत्येक महाविद्यालयात भेटतील.

पहिला कातकरी वाडीतील. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून ओळखल्या जातात. या मुलाच्या बाबतीत राज्याचा प्रश्न नाही. त्याचे पूर्वज याच डोंगरपायथ्याचे. अडचण आहे ती कागदाची. वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या कामासाठी वर्षातील काही महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबाकडे १९५० चा सातबारा नसतो आणि आजोबांनी शाळा पाहिलेली नसते. अशा वेळी प्रमाणपत्र पडताळणीत दक्षता पथकामार्फत शालेय व गृहचौकशी करण्याची तरतूद आहे, हे पालकांनी ध्यानी ठेवावे. कागद नाही म्हणून अर्जच न करणे ही सर्वांत मोठी हानी होय. जातीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर त्याचा मार्ग सरळ आहे : आदिवासी विकास विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शासकीय आदिवासी वसतिगृह आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. रायगड जिल्ह्यासाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेण येथे आहे.

दुसरी माण तालुक्यातील धनगर कुटुंबातली. वडील कळंबोलीच्या बाजारात माथाडी. राज्य एकच, परंतु जिल्हा बदललेला. धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या ‘क’ गटात येतो, म्हणून तिचा मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवशी आजोबा माणदेशात होते. तेव्हा जातीचे प्रमाणपत्र साधारणतः त्या भागाच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून घ्यावयाचे, पनवेलच्या प्रांत कार्यालयातून नव्हे. पनवेलच्या खिडकीवर महिनाभर खेपा घालून मग हे कळण्यापेक्षा दिवाळीच्या सुटीत गावी जाऊन आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावनमुन्यातील जन्म-मृत्यूची नोंद शोधणे श्रेयस्कर. प्रमाणपत्र मिळाले, की इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या योजना तिला खुल्या होतात. उत्पन्नाच्या मर्यादा व नॉन क्रीमिलेअर प्रमाणपत्राची अट मात्र पाहावी लागते.

तिसरा उत्तर प्रदेशातील कुटुंबाचा. त्याचा समाज तिकडे इतर मागासवर्गात आहे. म्हणून येथेही तोच रकाना भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. १९६७ मध्ये कुटुंब येथे नव्हते, म्हणून महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत तो खुल्या प्रवर्गात येतो. परंतु तो पनवेलला जन्मला, दहावी-बारावी येथेच झाली आणि अधिवासाचे प्रमाणपत्रही त्यास मिळू शकते. अशा विद्यार्थ्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील अधिवासी विद्यार्थ्यास या योजनेखाली शिक्षण शुल्काच्या पन्नास टक्के रकमेचा लाभ मिळतो. पालक नोंदणीकृत मजूर किंवा अल्पभूधारक असतील, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचीही चौकशी करावी. मुलींच्या बाबतीत ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याहून पुढचे पाऊल टाकले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ देण्याचे ठरले.

चौथी विद्यार्थिनी : दोन्ही दारे

चौथ्या विद्यार्थिनीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील तांड्यावरून तिचे आईवडील कामासाठी कळंबोलीस आले. ती येथेच जन्मली, मराठी शाळेत शिकली आणि बारावीला उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली. वडिलांजवळ कर्नाटकातील प्रमाणपत्र आहे. त्यावर ‘अनुसूचित जाती’ असे लिहिलेले आहे. ते पाहून ती महाराष्ट्राचा अनुसूचित जातींसाठीचा अर्ज भरते. महाविद्यालयाच्या छाननीत किंवा त्यापुढे विभागाच्या छाननीत अर्ज परत येतो, कारण बंजारा समाज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नाही. कोणी तिला विमुक्त जातींचा अर्ज भरावयास सांगतो; तोही टिकत नाही, कारण १९६१ मध्ये तिचे आजोबा महाराष्ट्रात नव्हते. तोपर्यंत शुल्काची मुदत आलेली असते. घरातील मिळकत रोजंदारीची. अशा वेळी ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे शब्द निघतात आणि मुलीच्या बाबतीत पुढचे वर्ष पुष्कळदा येतच नाही.

तिच्यासाठी तीन मार्ग आहेत आणि ते याच क्रमाने पाहावेत.

पहिला मार्ग मूळ राज्याचा. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्रीय नियमांत असे तत्त्व आहे, की एका राज्याचा विद्यार्थी दुसऱ्या राज्यात शिकत असेल, तर शिष्यवृत्ती त्याच्या स्वतःच्या राज्याने द्यावयाची आणि अर्जही त्याच राज्याकडे करावयाचा. या योजनेची उत्पन्नमर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. तेव्हा कर्नाटकाच्या राज्य शिष्यवृत्ती संकेतस्थळाकडे व तेथील समाजकल्याण विभागाकडे आधी चौकशी करावी. तेथेही अधिवासाचा प्रश्न विचारला जाईल. तांड्यावरील घर, मतदारयादीतील नाव, शिधापत्रिका असे नाते टिकून असेल, तर ते उपयोगी पडेल. गावचे सर्व कागद रद्द करून टाकणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांनी यासाठी आधीच विचार करावा.

दुसरा मार्ग केंद्राचा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीत जातीपेक्षा बारावीच्या मंडळाच्या निकालाला महत्त्व आहे. संबंधित मंडळाच्या परीक्षेत ऐंशीव्या पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या नियमित विद्यार्थ्यास पदवीसाठी दरसाल १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी २०,००० रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या देण्यात येतात आणि त्यांतील निम्म्या मुलींसाठी आहेत. बारावी महाराष्ट्राच्या मंडळातून झाली असल्याने येथे तिचे पनवेलचे शिक्षण थेट उपयोगी पडते. हा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करावयाचा असतो.

तिसरा मार्ग अधिवासाचा. प्रवेश खुल्या प्रवर्गातून झाला असल्यास, महाराष्ट्राच्या अधिवासावर आधारलेल्या खुल्या प्रवर्गाच्या योजनेत तिचा अर्ज बसतो काय, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागातून मुदतीपूर्वी लेखी विचारून घ्यावे.

चौथा मार्ग कोणी सुचवील, तो मात्र घेऊ नये. पैसे घेऊन महाराष्ट्राचे जातीचे प्रमाणपत्र ‘करून देणारे’ मध्यस्थ असतात. जातप्रमाणपत्रांसंबंधीच्या महाराष्ट्राच्या अधिनियमाखाली खोट्या प्रमाणपत्रावर मिळविलेले लाभ वसूल होतात, पदवी रद्द होऊ शकते आणि दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. चार वर्षे शिकून शेवटी पदवीच गमावण्याचा हा व्यवहार आहे.

परदेशाशी संबंध असलेली कुटुंबे

रायगड जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचा आखाती देशांशी जुना संबंध आहे. वडील परदेशी नोकरीस असले, तरी मुलाचे भारतीय नागरिकत्व त्यामुळे बदलत नाही. मुलगा पनवेललाच शिकला असेल, तर त्याचा अर्ज इतर अधिवासी विद्यार्थ्यांसारखाच. फक्त परदेशातील मिळकतीसह संपूर्ण कौटुंबिक उत्पन्न दाखवावे लागते. दहावी-बारावी परदेशी झाली असेल, तर मात्र अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत त्याचा प्रकार बदलतो. तेथे स्थूलमानाने पाच प्रकार आहेत : दहावी-बारावी येथे झालेला व येथला अधिवासी किंवा येथे जन्मलेला, आई किंवा वडील अधिवासी असलेला, केंद्र शासनाच्या वा केंद्रीय उपक्रमाच्या येथे नेमलेल्या कर्मचाऱ्याचा पाल्य, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचा पाल्य, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील वादग्रस्त गावांचा रहिवासी. आपला प्रकार कोणता, हे अर्जापूर्वी ठरवावे.

ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आणि ‘ओसीआय’ पत्र मिळविले, त्यांनी त्या पत्राला भारतीय नागरिकत्व समजू नये. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार, त्या दिनांकानंतर असे पत्र मिळविलेले विद्यार्थी अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा देऊ शकतात. परंतु अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य जागांसाठीच पात्र असतात.

अर्जापूर्वीचा क्रम

सारांश असा, की योजनांची यादी समोर ठेवून सुरुवात करू नये. विद्यार्थ्याच्या स्थितीपासून सुरुवात करावी. नागरिकत्व कोणते? अधिवास कोणत्या राज्याचा? मानीव दिनांकाला पूर्वज कोठे होते? प्रवेश कोणत्या प्रवर्गातून व कोणत्या प्रक्रियेतून झाला? कुटुंबाचे उत्पन्न किती? या पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहिली, म्हणजे कोणता अर्ज आपला आणि कोणता नव्हे, हे बहुतांशी उघड होते.

‘आपले सरकार महाडीबीटी’ संकेतस्थळावरही हाच क्रम आहे. विद्यार्थी आपल्या माहितीत अधिवास, प्रवर्ग व उत्पन्न जसे नोंदवितो, तशा योजना त्यास दिसतात. म्हणून पहिल्याच पानावर घाईने केलेली चूक शेवटपर्यंत सोबत राहते. बँक खाते विद्यार्थ्याच्या नावे व आधारशी जोडलेले असावे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबरोबर त्याच अभ्यासक्रमासाठी दुसरी शिष्यवृत्ती सर्वसाधारणपणे घेता येत नाही, म्हणून अधिक लाभाची व आपल्या स्थितीत टिकणारी योजना निवडावी. अर्ज एकदाच भरून भागत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. जातीचे प्रमाणपत्र व त्याची वैधता यांना वेळ लागतो, म्हणून ते काम बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीतच हाती घ्यावे. अर्ज त्रुटीसाठी परत आला, तर तो नामंजूर झाला असे समजून गप्प बसू नये. त्रुटी वाचून मुदतीत दुरुस्त करावी.

महाविद्यालयांचेही यात कर्तव्य आहे. प्रवेशाच्या खिडकीवरच विद्यार्थ्याचे कुटुंब कोठून व केव्हा आले, हे आस्थेने विचारले गेले, तर चौथ्या विद्यार्थिनीला तीन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव कोकणातील आंबडवे, जन्म महूचा, शालेय शिक्षण सातारा व मुंबईचे; आणि १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली ती बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची. त्या काळी ती एका गुणग्राही राजाच्या इच्छेवर अवलंबून होती. पुढे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि मर्जीची जागा नियमाने घेतली. नियम मर्जीपेक्षा अधिक खात्रीचा असतो. परंतु तो योग्य दारी आणि योग्य कागदानिशी आलेल्यालाच ओळखतो. घाट उतरून, नदी ओलांडून, राज्याची सीमा पार करून पनवेलला आलेल्या प्रत्येक कुटुंबाने ते दार आधी ओळखावे. मुलांच्या शिक्षणाचे एक वर्ष त्याने वाचेल आणि काहींच्या बाबतीत सारे शिक्षणच वाचेल.